मंजुळेची राखण

आमची मंजुळा कुणी चोरून नेईल, अशी धास्ती घरात माझ्याशिवाय कुणालाच वाटत नाही. बायको म्हणते, "अहो, नेलीच कुणी तर दोन दिवसांत आणून सोडील आणि वर पेट्रोलचे पैसे मागेल."

मंजुळा म्हणजे माझी 1968 सालची फियाट अकराशे. नाव आवाजावरून पडलंय, अर्थात उपरोधाने. सायलेन्सर बदलल्यापासून ती इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या वळणावर आली, की घरात चहाचं आधण ठेवतात. रंग लालभडक, मागचे टायर रुंद, नाक जरा जमिनीकडे झुकलेलं. बॉनेटखाली तिचं मूळ इंजिन नाही. ही फियाट बनवणाऱ्या प्रीमियरच्याच 118 एनई या नंतरच्या गाडीचं, म्हणजे मुळात निसानचं, 1171 सीसीचं इंजिन तिथे बसवलंय आणि आरसी बुकात त्याची रीतसर नोंद आहे.

पुतण्या तिला हॉट रॉड म्हणतो. अमेरिकेत 1932 साली फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं व्ही-एट इंजिन काढलं. पुढे तिकडच्या पोरांनी त्या गाड्यांचे मडगार्ड उतरवले, छप्परं कापली आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर त्या पळवल्या. त्या फोर्डला पासष्ट हॉर्सपॉवर होती. मंजुळेला इंजिन बदलूनही पन्नासेकच आहे, तेव्हा हॉट रॉड हा शब्द आम्ही फक्त पाहुण्यांसमोर वापरतो. व्हिंटेजही म्हणवत नाही. वयाची पन्नाशी केव्हाच उलटली, पण 2021 च्या नियमांप्रमाणे व्हिंटेजचं इंजिन बदललेलं चालत नाही. होळकर महाराजांच्या ड्यूसेनबर्ग गाडीने ज्या गावाची नजर बिघडवून ठेवली, त्या गावात आमची ही अशी ना धड इकडची, ना धड तिकडची.

पण फोर्डच्या कथेतलं खरं कामाचं पुढेच आहे. बॉनी आणि क्लाइड हे अमेरिकेतले नामचीन दरोडेखोर 1934 मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेले, तेव्हा ते ज्या फोर्ड व्ही-एटमध्ये बसले होते, तीही चोरीचीच होती. हे वाचलं त्या रात्री मी दोनदा उठून फाटकाला कुलूप आहे ना ते बघून आलो. त्यात आधीच्या वर्षी एका ढाब्यावर दाल-बाफले खाऊन बाहेर आलो, तर चारांपैकी दोन व्हीलकॅप गायब. तशाच दोन मला पुढच्या महिन्यात जुन्या बाजारात मिळाल्या. इतक्या तशाच, की एकीवर माझ्याच हातचा पोचा होता.

अशात नाशकात भाच्याची मुंज ठरली. मामाशिवाय मुंज लागत नाही आणि मंजुळेशिवाय मामा निघत नाही. मी सरळ मेकॅनिककडे गेलो. सगळा मोहल्ला त्याला उस्ताद म्हणतो.

"भिया," उस्ताद म्हणाला, "इसको कौन ले जाएगा? ये तो आपसेई नी चलती."

मग त्याने मला फियाट कशी चोरतात ते करून दाखवलं. पुढच्या दाराची तिकोनी काच स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली, आत हात घालून दार उघडलं, डॅशबोर्डखाली वाकून वायरी जोडल्या आणि मंजुळा गरजली. चहा कपात ओतून निववायला लागतो, त्याहून कमी वेळ. वर त्याने शेजारी दुरुस्तीला आलेल्या पद्मिनीची, म्हणजे फियाटच्याच पुढच्या अवताराची, किल्ली आणून मंजुळेला लावली. लागली! आता विम्याचं बघा. गाडी चोरीला गेली, तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. त्या गाडीच्या अस्सल किल्ल्या कोणत्या, हे मंजुळेलाच माहीत नाही.

शेवटी बंदोबस्त ठरला. बॅटरीला कट-ऑफ स्विच, तो सीटखाली. पेट्रोलच्या नळीला एक कॉक, तो कुठे आहे ते मी इथे लिहिणार नाही. स्टिअरिंगला आडवा दांडा, चाकाला पिवळा जॅमर. कारण गाडी चालवूनच न्यावी असं चोरावर बंधन नाही. नऊशे किलोच्या आतबाहेरची गाडी, न्यूट्रलमध्ये टाकली की दोन गडी ढकलत नेतात आणि क्रेन असली तर गडीही लागत नाहीत. बॅटरीला जोडलेला जीपीएस ट्रॅकर पुतण्याने भेट दिला. पण खरा हुकमी एक्का म्हणजे रोटर. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, की आत सुपारीपेक्षा थोडा मोठा, वर पितळी पट्टी असलेला एक तुकडा फिरत असतो. सगळ्या प्लगांना आळीपाळीने करंट तोच वाटतो. तो काढून खिशात घातला, की मंजुळा म्हणजे नुसतं लोखंडी कपाट.

"ये निकाल लो, फिर तो भगवान भी स्टार्ट नी कर सकता," उस्ताद म्हणाला. हे वाक्य मी तेव्हाच जरा नीट ऐकायला हवं होतं.

पोहे-जिलबी खाऊन आम्ही निघालो. मानपूरचा घाट, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, जुलवानिया, सगळं झकास. घाबरायचं असतं ते थांबल्यावर. सेंधव्याला चहासाठी उतरलो, तर कप हातात येईपर्यंत मंजुळेभोवती पंधरा माणसं. एकाने पोराला बॉनेटवर बसवून फोटो काढला, एकाने "देती कितना है?" विचारलं. एका म्हाताऱ्या सरदारजींनी मात्र तिच्या दारावरून हात फिरवला आणि आपली पहिली गाडी हीच होती म्हणाले. एवढ्या गर्दीत चोर कोणता हे कसं ओळखायचं? मी सगळ्यांकडेच रोखून बघत चहा प्यायलो, तो कोटावर सांडला. बिजासन मातेला हात जोडताना बायको मुलांची नावं घेत होती, मी चॅसी नंबर मनात म्हणत होतो.

धुळ्याला मुक्काम. मी लॉजच्या मॅनेजरला सांगितलं, खोली कशीही द्या, खिडकी पार्किंगवर हवी. पलंग खिडकीपासून लांब होता, तो आम्ही दोघांनी ओढून आणला. मंजुळेचं नाक भिंतीला टेकवलं, चाकं वळवून ठेवली, गियर टाकला, दांडा लावला, जॅमर लावला, स्विच बंद, कॉक बंद, रोटर काढला. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं. एवढ्यात बायकोची आंघोळ, चहा आणि माहेरी फोन असं सगळं आटोपलं.

साडेबाराला उशाशी फोन किंचाळला. "गाडी हलली!" बनियनवर खाली धावलो. मंजुळा जागेवर होती, बाहेरून ऊस घेऊन ट्रक गेला होता. ट्रॅकरला धक्का जाणवतो आणि धुळे म्हणजे आग्रा रोडवरचं गाव. दीड वाजता टँकर, दोनला लग्झरी बस, मग कुठल्याशा वरातीचा बँड. चौथ्या फेरीला रखवालदाराने मला खुर्ची आणून दिली. उरलेली रात्र आम्ही दोघांनी राखण केली. तो झोपला होता, पण सोबत होती.

सकाळी सगळं उलट्या क्रमाने. कॉक विसरलो, म्हणून दीडशे पावलांवर ती बंद पडली, पण ते घरच्या घरात मिटलं.

नाशकात कार्यालयाच्या दारात जागा होती ती अगदी रस्त्यावर. पुन्हा सगळा सोपस्कार केला. रोटर सोवळ्याच्या कनवटीला राहीना, म्हणून बायकोच्या पिशवीतल्या एका खणाच्या बटव्यात टाकला आणि निर्धास्त झालो. मुंज थाटात लागली. गोटा केलेला भाचा झोळी घेऊन "ॐ भवति भिक्षां देहि" म्हणत फिरला. सगळ्या बायकांनी लाडू, तांदूळ, नाणी घातली. त्याच्या मामीनेही घातलं. खणाचा बटवा खास त्यासाठीच शिवून आणला होता ना तिने!

हे कळलं ते दुपारी चारला, डिस्ट्रिब्यूटर उघडा टाकून मी पिशवी उपसत होतो तेव्हा.

"भिक्षावळ गुरुजींची असते, दादा," बहीण म्हणाली. "ते पंचवटीत वास्तुशांतीला गेले."

गुरुजींना फोन लावला. "हो हो, आहे ना बटवा," ते म्हणाले. "चांदीची तीन नाणी आणि एक सुपारी. इथे गणपतीसाठी एक सुपारी कमी पडत होती, ती मांडायला घेतली. मग पितळी पट्टी दिसली. काय आहे हो हे?"

मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता.

"हळदीकुंकू वाहून झालंय," गुरुजी म्हणाले. "विसर्जन केल्याशिवाय उचलता येणार नाही. सहापर्यंत येतो."

सव्वासहाला ते स्वतःच स्कूटरवरून आले. रोटरवर अक्षता चिकटलेल्या होत्या. मी त्याला फुंकर मारली, नमस्कार केला आणि जागेवर बसवला. गुरुजी आत लाडवाची पुडी घ्यायला गेले. रहदारीचा रस्ता, संध्याकाळची वेळ, आणि त्यांच्या स्कूटरची किल्ली स्कूटरलाच लटकत होती. मी जॅमर टाकून तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"अहो, असू द्या," बाहेर येत ते म्हणाले. "वीस वर्षं तिथेच असते ती. काढली की हरवते."

एका किकमध्ये ते गेले. मी मंजुळेत बसून किल्ली फिरवली. नुसतं टिक् असंही वाजलं नाही. सीटखाली हात घातला, तर स्विच बंद! म्हणजे तो आधी चालूच होता आणि मी आत्ता बंद केला होता.