खुलासा : ओव्हरलोडचा दंड भरला म्हणून गाडी सुटत नाही

ट्रकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘ओव्हरलोडचा दंड एकदा भरा, पावती जवळ ठेवा, 24 तास तोच माल घेऊन बिनधास्त फिरा.’ हे साफ खोटं आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं दंड 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000 असा झाला. त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवू द्यायची नाही. समजा गाडीचं पासिंग, म्हणजे मालासकट मंजूर वजन, 28.5 टनांचं आणि वजनकाट्याची चिठ्ठी 33.5 ची. पाच टन जादा, म्हणजे 30,000 झाले. वर ते पाच टन तिथंच उतरवायचे; हमाली तुमची आणि कलम 114 प्रमाणे मालाची जोखीमही तुमचीच. भर उन्हात दुसरी गाडी शोधत बसायचं ते वेगळंच. 24 तासांच्या सवलतीचा या कलमांत उल्लेखही नाही.

मेसेजमधला दुसरा सल्ला तर खड्ड्यातच घालणारा : ‘वायुवेग पथक (आरटीओचं फिरतं तपासणी पथक) दिसलं की काट्यावर जाऊ नका, आधीच माल उतरवा.’ अधिकाऱ्यानं सांगूनही वजनाला नकार दिला किंवा वजनाआधी माल काढला, तर दंड 40,000!

आणि हे सगळं फक्त ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही. गाडी चालवायला लावणाराही याच कलमात येतो. जास्त माल भरायला सांगणाऱ्या शेठना हा भाग आवर्जून वाचून दाखवा.