टोकियोची गर्दी आणि डोंबिवलीची मी

शिकायला टोकियोला आल्यापासून घरच्या प्रत्येक फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो, "गर्दी कशी आहे गं तिकडे?" आई विचारते, मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात. आयुष्य लोकलमध्ये गेलेल्या बायका आहेत, त्यांना हेच आधी कळायला हवं असतं. फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

गर्दी अफाट आहे. शिंजुकु स्टेशनातून रोज ३५ लाखांच्या आसपास माणसं ये-जा करतात, बाहेर पडायचे रस्ते दोनशेहून जास्त. पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा एका खांबाला पाठ लावून कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. काळे कोट, काळ्या बॅगा, चारी बाजूंनी माणसांचे लोंढे, आणि तरी कोणी कोणाला आपटत नव्हतं. आवाज होता तो फक्त बुटांचा आणि गाडी सुटताना वाजणाऱ्या छोट्याशा धुनेचा. एवढ्या माणसांत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खरं सांगायचं तर त्या शांततेची मला भीती वाटली.

मी राहते निशिकासाईला. २००० सालच्या सुमारास आयटीतले भारतीय इथे राहायला लागले, कारण तोझाई लाईन या भुयारी रेल्वेने ओतेमाचीची ऑफिसं सरळ गाठता येतात. इथे तूरडाळ मिळते, हिंग मिळतो, रविवारी रस्त्यात मराठी कानावर पडतं. २०१९ साली एदोगावा वॉर्डाच्या निवडणुकीत योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून आला, तो वॉर्ड हाच. थोडक्यात, घराची आठवण काढायला जागा चांगली आहे. पण सकाळी इथून निघणं म्हणजे काय ते आता सांगते.

तोझाई लाईनचा किबा ते मोंझेन-नाकाचो हा टप्पा २०१९ साली क्षमतेच्या १९९ टक्के भरलेला होता, तेव्हाचा देशातला सगळ्यात गच्च टप्पा. किबाला दार उघडतं तेव्हा आत तीळ ठेवायला जागा नसते. फलाटावरचा माणूस मग काय करतो? दाराशी येऊन पाठमोरा होतो, दाराच्या वरच्या चौकटीला बोटं टेकवतो आणि पाठीने हळूहळू आत सरकतो. सॅक आधीच छातीवर घेतलेली असते. आतली माणसं अर्धा इंच, अर्धा इंच सरकतात. कोणी "अंदर चलो" म्हणत नाही, कोणी कोपर मारत नाही. दार बंद होतं, आणि मगच गाडी हलते. दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही, ही गोष्ट डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला किती मोठी वाटते ते इथल्या कोणाला समजावून सांगता येणार नाही.

आता मुद्द्यावर येते. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर जपानचे व्हिडिओ फिरतात, खाली लिहिलेलं असतं, "यांच्या रक्तातच शिस्त आहे, आपले लोक कधी सुधारणार नाहीत." हे मला अजिबात पटत नाही. आधीही पटत नव्हतं, इथे आल्यावर तर राग येतो.

कारण याच शहरात १९६०च्या दशकात लोकांना गाडीत कोंबायला फलाटावर माणसं ठेवलेली असत, त्यात पार्ट-टाइम काम करणारे विद्यार्थीही असत. ३ मे १९६२ ला मिकावाशिमाला घसरलेल्या मालगाडीवर प्रवासी गाड्या आदळल्या, १६० माणसं गेली. पुढच्याच वर्षी, ९ नोव्हेंबर १९६३ ला त्सुरुमीला पुन्हा तसंच, १६१ माणसं गेली. त्याच रुळांवर मालगाड्या, त्याच रुळांवर लांब पल्ल्याच्या, त्याच रुळांवर उपनगरी, आणि वेळापत्रक ठासून भरलेलं. कल्याण-ठाणे पट्ट्यातल्या माणसाला हे चित्र वेगळं समजवायला नको.

पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं. रेल्वेने शहरात येणाऱ्या पाचही दिशांच्या मार्गांवर जादा रूळ टाकायचा कार्यक्रम हाती घेतला आणि लोकल वेगळ्या काढल्या. भुयारी मार्ग उपनगरी मार्गांना जोडून गाड्या थेट आरपार सोडल्या. टोकियोच्या मुख्य मार्गांवर १९७५ साली गाड्या सरासरी २२१ टक्के भरत होत्या, २०१९ साली १६३ टक्के. माणसं तीच, त्यांचीच मुलं-नातवंडं. रक्त बदललं नाही, रूळ वाढले.

आणि काम संपलंय असंही नाही. माझी तोझाई लाईनच मुळात जुन्या चुओ-सोबु मार्गावरचा ताण कमी करायला बांधली, १९६९ पर्यंत पूर्ण केली, आणि तीच पुढे सगळ्यात जास्त भरली. म्हणून चढ-उतार लवकर व्हावी यासाठी १ मीटर ८० सेंटिमीटर रुंद दारांचे डबे आणले. मिनामी-सुनामाची स्टेशनात जादा फलाट आणि रूळ घालायचं काम सुरू केलं. २०१९ च्या जानेवारीत तर पुरेसे लोक पहाटे लवकर निघाले तर त्यांना टेंपुरा (भज्यांसारखा तळलेला पदार्थ) आणि सोबा (शेवयांसारखा पदार्थ) फुकट, अशी योजना काढली. गाडी उशिरा आली की स्टेशनात तसा छापील दाखला मिळतो, तो वर्गात दाखवता येतो. म्हणजे उशीर हा प्रवाशाचा गुन्हा नाही, हे रेल्वे लेखी मान्य करते. मला हे फार मोलाचं वाटतं.

इथे सगळं सोन्याचं आहे असं मात्र कोणी समजू नका. गर्दीत बायकांच्या अंगाला हात लावणारे इथेही आहेत, म्हणून तर बायकांचे वेगळे डबे २००० नंतर सुरू करावे लागले. आपल्याकडे चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल १९९२ सालीच धावली होती. इथल्या फोनमध्ये फोटो काढताना होणारा आवाज बंद करता येत नाही, तोही याच कारणाने. खोली शोधताना एजंट माझ्यासमोर घरमालकाला फोन लावायचा, "परदेशी आहे" एवढं सांगायचा आणि ओशाळून फोन ठेवायचा. हे पुन्हा पुन्हा झालं. त्या संध्याकाळी खूप रडले होते. आणि लेडीज डब्यात मटार सोलत, चौथ्या सीटवर टेकत, अनोळखी बाईच्या पोरीच्या दहावीच्या मार्कांची चौकशी करत होणारा प्रवास इथे कुठून येणार? या गाडीत माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बाईचा आवाजही मी ऐकलेला नाही.

तरी याच शहरात शिन-ओकुबो नावाचं स्टेशन आहे. २६ जानेवारी २००१ ला तिथे एक दारू प्यायलेला माणूस रुळांवर पडला. त्याला वाचवायला दोघांनी खाली उडी मारली, सेकिने शिरो हे जपानी छायाचित्रकार आणि ली सु-ह्यॉन हा २६ वर्षांचा कोरियन विद्यार्थी. तिघेही गेले. जिन्याजवळ जपानी आणि कोरियन भाषेत पाटी आहे. ली माझ्यासारखाच इथे शिकायला आला होता, ती गर्दी त्याच्याही ओळखीची नव्हती. पाटी वाचताना पाय जड झाले. पण त्याहून जास्त लक्षात राहिलं ते नंतर वर चढल्यावर: यामानोते लाईनच्या त्या फलाटाच्या कडेला आता दारं आहेत. गाडी थांबते, मगच ती उघडतात. दोघांच्या हौतात्म्यावर नुसते हार घालून हे शहर थांबलं नाही.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, त्यातले काही घरी परतलेच नाहीत. तेव्हाही कोणीतरी लिहिलंच, "लटकता कशाला?" लटकतात कारण आत जागा नसते आणि लेट मार्क लागतो. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायची घोषणा झाली. बसवा, जरूर बसवा. पण ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ साली मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली, अंतर जेमतेम नऊ किलोमीटर. रूळ न वाढवता नुसती दारं बंद केली तर आतल्या माणसांनी श्वास कुठून घ्यायचा?

डोंबिवली, दिवा, कळवा, बदलापूरच्या माझ्या मैत्रिणींनो, यापुढे कोणी मत मागायला दारात आलं तर कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका कधी पूर्ण होणार, याची तारीख विचारा. तारीख सांगितली तर लिहून घ्या. आणि शिस्तीचं व्याख्यान सुरू झालं तर त्यांना १९६२ चं मिकावाशिमा सांगा.