सहाव्या जागचा पी

तासिका तत्त्वावरच्या मास्तरला प्राचार्य स्वतःहून चहा पाजतात, तेव्हा त्यात साखरेशिवाय आणखी काहीतरी विरघळवलेलं असतं. माझ्या चहात बायोइन्फॉर्मेटिक्स होतं, म्हणजे जीवशास्त्राची माहिती संगणकावर चाळायचं शास्त्र. "तुम्ही तरुण आहात, मोबाइल बरा चालवता," एवढ्या पात्रतेवर प्राणिशास्त्राच्या पोरांना प्रथिनांचं ऑनलाइन प्रात्यक्षिक द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. प्रयोगशाळेत संगणक पाच. चालतात दोन. माउस एकालाच.

मी हिमोग्लोबिन घेतलं, रक्तातलं ऑक्सिजन वाहणारं प्रथिन. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय हे कोणाला पहिल्यापासून सांगावं लागत नाही, म्हणून. पुस्तकात ते एका ओळीत असतं: बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ आणि दर आम्लाला एक इंग्रजी अक्षर, म्हणून ई या अक्षराच्या जागी व्ही. तेवढ्यानं ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. व्हर्नन इंग्राम यांनी १९५०च्या दशकात हे शोधलं तेव्हा इंटरनेट नव्हतं. त्या माणसाचा मला हेवाच वाटतो.

आमच्या घरी नेटवर्क फक्त स्लॅबवर येतं, तेही पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून बसलं तर. रात्री दहाला तिथं बसलो, तर खालून आईचा आवाज.

"काय करून राह्यला रे एवढ्या रातच्यानं?"

"प्रोटीन पाहून राह्यलो."

"मंग वर कायले गेला? घरात तुरीचा कट्टा भरला हाय, त्यात पाय ना!"

मी हसलो. मग युनिप्रॉट, म्हणजे प्रथिनांची ऑनलाइन नोंदवही, उघडलं, 'हिमोग्लोबिन' टाकलं आणि माणूस बाजूलाच, सगळी जीवसृष्टी अंगावर आली. मासे, बेडूक, गांडुळं, आणि त्या गर्दीत सोयाबीनचं लेगहिमोग्लोबिन! शेंगवर्गीय पिकांच्या मुळावरच्या गाठींत हिमोग्लोबिनचा हा चुलतभाऊ राहतो, तुरीच्याही. म्हणजे आईचं अगदीच चुकलं नव्हतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. घरात एवढं शिकलेलं माणूस एकच बरं.

शेवटी माणसाची बीटा साखळी सापडली. नोंद क्रमांक पी ६८८७१, लांबी १४७. पडद्यावर अक्षरांची माळ उमटली आणि मी बोट ठेवून मोजू लागलो. एम, व्ही, एच, एल, टी... सहावं अक्षर पी.

पी म्हणजे प्रोलिन. इथं ई पाहिजे होता.

परत मोजलं. चष्मा पुसून मोजलं. डास मारून मोजलं. पीच. मग मनात जे जे यायचं ते आलं: नोंद चुकीची उघडली, मोबाइल बिघडला, किंवा आपलंच हिमोग्लोबिन तपासून घ्यायला पाहिजे.

म्हटलं, ब्लास्टला विचारू. १९९० पासून लोक त्याला विचारताहेत. आपली माळ टाकली की जगभरच्या माळांशी ताडून कोण कोणाचं नातेवाईक ते सांगतं; आमच्या सोयरीक जुळवणाऱ्या काकाजींसारखं, फक्त हुंड्याची भानगड नाही. माळेच्या डोक्यावरची ओळ 'पेक्षा मोठे'च्या खुणेनं सुरू करायची असते. ती चोच मोबाइलच्या कीबोर्डवर शोधण्यात दहा मिनिटं गेली. पान 'शोध चालू आहे' म्हणत पुन्हापुन्हा ताजं होत होतं, तेवढ्यात गावची लाइन गेली. पाठोपाठ टॉवरही झोपला. नशीब, विनंतीचा क्रमांक हाती लागलेलं कापसाच्या बियाण्याचं रिकामं पाकीट होतं त्यावर उतरवला होता. तो असला की निकाल मागाहून उघडता येतो, अर्थात फार दिवस नाही.

लाइन साडेअकराला आली. निकालात चिंपांझी शंभर टक्के जुळलेला! एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. आमच्या घराण्यात एवढा एकमेकांशी जुळलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पण पी जागचा हलला नव्हता.

अशा वेळी शहाणा माणूस झोपतो. मी ब्लास्टमध्ये 'यवतमाळ' टाकलं, इंग्रजी अक्षरांत. अमिनो आम्लं वीस, म्हणून अक्षरंही वीसच. बी, जे, ओ, यू, एक्स, झेड त्या विसांत नाहीत. वाय म्हणजे टायरोसिन, ए म्हणजे अ‍ॅलनिन, असं करत यवतमाळचं आठ अक्षरी प्रथिन फुकटात तयार होतं. मग विदर्भाचे अकराही जिल्हे तपासले. अमरावती, वर्धा, वाशिम पास. नागपूर आणि चंद्रपूर यू पायी नापास. अकोला, गोंदिया, गडचिरोली ओ पायी. भंडारा, बुलढाणा पहिल्याच अक्षराला गारद. उपराजधानीचं प्रथिन होत नाही आणि वाशिमचं होतं, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो शास्त्रीय नव्हता, हे कबूल. यवतमाळशी जुळलेल्या प्रथिनांची ई-व्हॅल्यू, म्हणजे असं जुळणं निव्वळ योगायोगानं किती वेळा होईल तो आकडा, एवढी मोठी होती, की ते नातं एसटीत शेजारी बसल्याइतकंच. ती संख्या शून्याकडे जाईल तेवढं नातं खरं.

परत युनिप्रॉटवर आलो आणि या खेपेला खालची बारीक ओळ वाचली. पहिला एम, म्हणजे मेथिओनिन, नंतर काढून टाकला जातो. प्रथिन बांधायची सुरुवात त्याच्यापासून होते, पण पुढच्या संसारात तो नसतो. गावातल्या गणेशोत्सवाचा उद्घाटक! नारळ फोडतो, फोटो काढतो, गाडीत बसून निघून जातो. पत्रिकेवर मात्र नाव पहिलं. युनिप्रॉट पत्रिका पाहून मोजतं, जुनं पुस्तक मांडवात बसलेले मोजतं. पुस्तकातला सहावा तोच पत्रिकेतला सातवा, आणि सातव्या जागी ई हजर होता. त्याच्यापुढं व्ही होण्याची नोंदही होती. रात्रीचा दीड वाजला होता आणि मला कोणाला तरी उठवून हे सांगायचं होतं. टाकीवर बसलेल्या मांजराला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माउसवाल्या संगणकावर सिकलचं हिमोग्लोबिन फिरवून दाखवलं. चार साखळ्या, रंगीत रिबिनीच्या गुंत्यासारख्या. पोरांनी नारळाची गोष्ट टाळ्या वाजवून ऐकली. मागच्या बाकावरची एक मुलगी तास संपल्यावर पुढं आली, पडद्यावरच्या सातव्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सर, माह्या भावाले हेच हाय न?" मी हो म्हटलं. तिनं ते अक्षर वहीत मोठं करून लिहून घेतलं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पहिलीच वही त्या मुलीची निघाली. ७ पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, लाल पेन काढला, ७ खोडून ६ केला आणि माझ्याकडे वळले.

"सर, पोरांना एवढं साधं तरी..."

"सर," मी म्हटलं, "चहा घेणार का? मग एका नारळाची गोष्ट सांगतो."