‘फोटोमागे ५० रुपये’ हा हिशेब कुठे फसतो

घरांचे फोटो काढणारे आणि इस्टेट एजंट यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो, क्लिकला खर्च शून्य. टू बीएचके म्हणजे वीस फोटो, तासाभराचं काम. फोटोमागे दर सगळ्यांना परवडतो: ५० रुपये धरले तरी हजार झाले, त्याच्या वर मागणं म्हणजे लूट. शिवाय हल्ली फोनही तेच काम करतो. नव्या माणसाने आधी स्वस्तात करावं, जम बसला की दर वाढवावा. आणि एकदा पैसे मोजले की फोटो आमचे.

शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे. बाकीचे एकेक करून पाहू.

“तासाभराचं काम”

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून, उभ्या रेषा सरळ करून, एका फ्रेमला साधारण चार मिनिटं जातात. वीस फ्रेमना ऐंशी मिनिटं झाली. त्याआधी अर्धा तास आवराआवरीत जातो: गादीवरची चादर ताणणं, कमोडचं झाकण बंद करणं, बेसिनवरचे ब्रश हलवणं, गेलेला बल्ब बदलणं. खिडकीबाहेरचं ऊन आणि आतली सावली एका एक्स्पोजरमध्ये बसत नाहीत, म्हणून प्रत्येक फ्रेमचे तीन किंवा पाच एक्स्पोजर (कमी-जास्त उजेडाचे फोटो) घेऊन नंतर एकात जोडावे लागतात. पाच धरले तर वीस फोटोंसाठी शंभर रॉ फाइली (कॅमेऱ्यातले कच्चे फोटो) होतात. तेवढ्या वेळात पंखा फिरत राहिला किंवा पडदा हलला, तर जोडलेल्या फोटोत त्यांची भुतं दिसतात. पंखा बंद, खिडकी बंद, मग शटर.

आणि दिव्यांचं काय? हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये पिवळे एलईडी, स्वयंपाकघरात पांढरी ट्यूब, खिडकीतून निळसर उजेड. सगळं चालू ठेवलं तर एकच भिंत तीन रंगांची येते. दिवे बंद करून छतावर फ्लॅश मारावा तर छत पांढरं हवं. क्रीम किंवा गुलाबी असलं तर तोच रंग खोलीभर पसरतो. हे सगळं नंतर एडिटमध्ये निस्तरायचं, फोटोमागे पाच-सहा मिनिटं. म्हणजे आणखी दोन तास. जाण्यायेण्याचा दीडेक तास आणि फाइली पाठवणं, बिल, फोन यांचा अर्धा तास जोडला, की एका टू बीएचकेला सहा तासांच्या आसपास लागतात. गेटवर एन्ट्रीवरून वॉचमनशी हुज्जत, किल्लीवाला वाटेत, किंवा रिकाम्या फ्लॅटचा वीजपुरवठाच तोडलेला, हे यात धरलेलंच नाही.

“क्लिकला खर्च शून्य”

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकाने आपापले घालून पाहावेत. कॅमेरा, वाइड लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, लॅपटॉप मिळून ४ लाख. चार वर्षांत ते जुनं होतं असं धरलं तर वर्षाला १ लाख. सॉफ्टवेअर, बॅकअप डिस्क, विमा, दुरुस्ती यांचे ५५ हजार. घर चालवायला महिना ५० हजार, म्हणजे वर्षाचे ६ लाख. बेरीज ७ लाख ५५ हजार. पितृपक्ष, पावसाळी काळोखी आणि ऐन वेळी रद्द झालेली कामं वगळून वर्षाला १८० शूट मिळाले, तर एकाला सुमारे ४,२०० रुपये पडतात, पेट्रोल वेगळं.

कामं दुप्पट झाली तर हा आकडा निम्मा होतो, हे खरं. पण ३६० घरांचं एडिटिंग स्वतः करणं जमत नाही, ते बाहेर द्यावं लागतं आणि त्याचे पैसे पुन्हा दरात येतात.

“फोटोमागे दर सगळ्यांना परवडतो”

परवडत कुणालाच नाही. एजंट वीस फोटोंतले आठ निवडतो आणि ४०० रुपये देतो. मेहनत मात्र विसांची झालेली असते. उलट बाजूने फोटोग्राफर एकाच बेडरूमचे पाच कोन काढून संख्या फुगवतो. चौरस फुटाचा दर लावला तर वाद आणखी वाढतो: फोटोग्राफरशी बोलताना कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) आणि गिऱ्हाइकाशी बोलताना सेलेबल (जिना-लॉबीचा वाटा धरून वाढवलेलं), ही एजंट मंडळींची जुनी सवय.

भेटीचे ठरलेले पैसे आणि वर जागांप्रमाणे रक्कम, ही रीत सरळ पडते. वरच्याच नमुन्यात भेटीचे २,५०० (१५ किलोमीटरपर्यंतच्या प्रवासासकट) आणि प्रत्येक जागेचे ३००. हॉल, स्वयंपाकघर, दोन बेडरूम, दोन बाथरूम आणि बाल्कनी अशा सात जागांच्या टू बीएचकेचे ४,६०० होतात. वन बीएचकेत पाच जागा, म्हणजे ४,०००. घर लहान म्हणून दर निम्मा होत नाही, कारण प्रवास तेवढाच असतो.

“फोन पुरतो”

भाड्याच्या वन आरकेला पुरतो, तिथे फोटोग्राफर बोलावूच नये. विक्रीच्या घराला मात्र फोनची अल्ट्रावाइड लेन्स नडते: कडेची खुर्ची ताणली जाते, चार बाय सातचं बाथरूम हॉलएवढं दिसतं आणि गिऱ्हाईक प्रत्यक्ष पाहून परत फिरतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ ते २४ मिलिमीटरच्या लेन्सदरम्यान राहिलं तर खोली खरी वाटते.

“आधी स्वस्तात, मग वाढवा”

एक हजाराला आलेलं गिऱ्हाईक तीन हजार ऐकलं की पुढच्या हजारवाल्याकडे जातं. ‘पुढे भरपूर काम देतो’ याला उत्तर एवढंच: सूट मिळेल ती झालेल्या कामावर. महिन्यातली पहिली पाच शूट पूर्ण दराने, सहाव्यापासून १० टक्के कमी. एकाच इमारतीतले दोन फ्लॅट एका दिवशी असतील तर दुसऱ्याच्या भेटीतून प्रवासाचे पैसे वजा करायला हरकत नाही, तिथे खर्च खरोखरच वाचलेला असतो. शूटला २४ तासांहून कमी उरले असताना रद्द केलं किंवा घर तयार नसलं तर भेटीची निम्मी रक्कम, हेही कोटेशनमध्येच लिहावं.

“पैसे दिले की फोटो आमचे”

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ साधारण हेच सांगतं: मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. परदेशी व्हिडिओ पाहून ‘फोटोचा हक्क माझा, दुसऱ्या वापराचे वेगळे पैसे’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. तसं हवं असेल तर कामाआधी लेखी ठरवायला लागतं: फोटो याच घराच्या जाहिरातीसाठी, इंटिरियरवाल्याला किंवा फर्निचरवाल्याला द्यायचे तर वेगळी रक्कम, रॉ फाइली मिळणार नाहीत. आणि काम कोण देतंय, पैसे कोण मोजतंय, ते बिलावर स्पष्ट असू द्यावं. एजंटाने पैसे दिले असतील आणि घरमालकाने पुढे एजंट बदलला, तर वेगळा करार नसताना ते फोटो जुन्या एजंटाचेच राहतात.