ते मासे तडफडत नाहीत, निवटे आहेत

‘विजयदुर्गच्या खाडीचं पाणी विषारी झालंय, मासे जीव वाचवायला चिखलात उड्या मारतायत,’ असा व्हिडिओ कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पाहिलेल्या आपल्याला ते लगेच पटतं. पण हे निवटे आहेत, म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे मासे. ओहोटी लागली की बिळातून बाहेर येतात, पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकतात. डोळे बेडकासारखे डोक्यावर उठलेले. कल्ल्यांत पाणी धरून ठेवतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. अंग सुकू नये म्हणून अधूनमधून डबक्यात लोळतात. तिवरांच्या मुळांत हा त्यांचा रोजचाच वावर. पंचगंगेतले मासे मरतात ते पाण्यातला ऑक्सिजन संपल्यामुळे. त्यावर आवाज उठवायलाच हवा. हा व्हिडिओ मात्र कृपया पुढे पाठवू नका.