ड्रायव्हरच्या जागेवर टपाल

अमेरिकेत, आयोवातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर खडीच्या रस्त्यावरून एक जुनी सुबारू सावकाश येतेय आणि ड्रायव्हरच्या जागेवर माणूसच नाही! तिथे पत्रांनी भरलेला पांढरा प्लॅस्टिकचा टब. गाडी आमच्या टपालपेटीला अगदी लागून थांबली. पलीकडच्या खिडकीतून हात बाहेर आला, झाकण उघडलं, बिलं आत टाकली, झाकण लावलं, गाडी पुढे. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की स्टिअरिंग उजवीकडे आहे. आपल्या लाल एसटीला असतं तसं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुकतीच जुंपली. मामेभावाचा मुलगा राजापूर तालुक्यात ग्रामीण डाकसेवक आहे. आठवा वेतन आयोग आला, पण डाकसेवक नेहमीप्रमाणे त्याच्या बाहेर. सातव्याच्या वेळीही त्यांच्यासाठी कमलेश चंद्र समिती वेगळी नेमली होती आणि तिच्या शिफारशी लागू व्हायला २०१८ उजाडलं. त्यावर एक काका म्हणाले, "चार-पाच तासांचं काम, त्यात आता पत्रं लिहितं कोण?" वहिनींनी उत्तर ठोकलं, "अमेरिकेत बघा, पोस्टमनला सरकार गाडी देतं. हिलाच विचारा." म्हणजे मला.

वहिनी, अर्धंच खरं आहे हो.

शहरांत सरकारी गाड्या असतात. १९८७ ते १९९४ या काळात बनलेल्या त्या चौकोनी अॅल्युमिनियमच्या गाड्या, उन्हाळ्यात भट्टी, एसी नाही. त्यांच्या जागी नव्या गाड्या रस्त्यावर यायला २०२४ साल लागलं. पण गावाकडे घरपोच टपाल १८९६ मध्ये सुरू झालं ते टपालवाल्याच्या स्वतःच्या घोड्यावर आणि बग्गीवर, आणि आजही कित्येक ग्रामीण मार्गांवर गाडी ज्याची त्यानेच आणायची असते. वर ती उजव्या स्टिअरिंगची असली तर बरी, कारण इथे वाहतूक उजवीकडून आणि पेट्याही रस्त्याच्या उजव्या कडेला. साध्या गाडीतून हे काम करणारे बाजूच्या सीटवर सरकून बसतात, डावा पाय लांबवून पेडल दाबतात, डाव्या हाताने स्टिअरिंग धरतात आणि उजव्या हाताने पत्रं टाकतात. दिवसाला शेकडो पेट्या. पाठीचं काय होत असेल!

आमच्या टपालवाल्या बाई साठीच्या आहेत. ती सुबारू मोडीत गेल्यावर त्यांनी जपानहून आलेली एक गाडी घेतली. मूळची परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली, की ती इथे आणायचे नियम बरेच सैल होतात, त्यामुळे टपालवाले लोक अशा म्हाताऱ्या जपानी गाड्या शोधत असतात. त्यांच्या गाडीत किल्ली फिरवली, की एक गोड आवाज जपानीत काहीतरी बजावतो. टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं म्हणतो म्हणे. आयोवातल्या मक्याच्या शेतात! बाईंनी तो आवाज बंद केलेला नाही. "सकाळी तेवढंच कोणीतरी बोलतं," म्हणाल्या.

सारखं थांब-चाल असल्याने ब्रेक पटापट झिजतात. तो खर्च त्यांचाच, पण त्यासाठी मैलामागे ठरलेला भत्ता मिळतो, आणि महागाईप्रमाणे तो बदलत राहतो. पुरतो का? बाई खांदे उडवतात. शिवाय नवीन लागलेल्याचे हाल वेगळेच. कायम माणसाच्या सुट्टीच्या दिवशी बदली म्हणून जायचं, कधी आठवड्यातून एकच दिवस, कायम व्हायला कधीकधी वर्षानुवर्षं, आणि गाडी मात्र पहिल्या दिवसापासून दारात हवी.

हे ऐकताना मला आमच्या मामाची ओटी दिसते. मामा ब्रँच पोस्टमास्तर, तेव्हाच्या भाषेत 'ईडी', म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, आजच्या डाकसेवकांचंच जुनं नाव. (हल्ली ईडी म्हटलं की लोक दचकतात. मामाला बिचाऱ्याला कोणी घाबरत नसे, मामीसुद्धा नाही.) ओटीच्या खांबाला लाल पेटी टांगलेली, कोपऱ्यात टेबल, तागडी, शिक्के, लाखेचा वास. पोस्टासाठी जागा पोस्टमास्तरने द्यायची, हा नियमच होता आणि अजूनही आहे. भरतीच्या अटींत सायकल चालवता आली पाहिजे हे असतं, आणि उपजीविकेचं दुसरं साधन हवं हेही असतं. म्हणजे पोट या पगारावर भरणार नाही, हे सरकारनेच लेखी दिलेलं! सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ही माणसं नागरी पदावर, म्हणजे सरकारी पदावरच आहेत असं म्हटलं, तरी नियमित सेवेच्या उंबरठ्याबाहेरच ती उभी आहेत.

तेव्हा काका, पत्रं मोजू नका. पोरगा आधारवर म्हाताऱ्यांचे पैसे काढून देतो, सुकन्याची खाती उघडतो, विम्याची टार्गेटं ओढतो, आणि हे सगळं स्वतःच्या मोटरसायकलवर. आणि वहिनी, अमेरिकेत सरकार सगळं देतं हा दाखला तेवढा सोडा. दाखला द्यायचाच तर मैलाच्या हिशोबाचा द्या. इथे टायर कोणाचा झिजतो हे निदान कागदावर येतं, आणि दर कमी वाटला तर युनियन त्या कागदावरूनच भांडते. आपल्याकडे ओटीसाठी काही शे रुपये, सायकलच्या देखभालीला भत्ता, आणि बाकी सगळं 'सेवक' या शब्दात बसवलेलं.

एवढं मी ग्रुपवर लिहिलं. काकांनी अंगठा दाखवला, तो पटल्याचा की गप्प बस म्हणाल्याचा, देव जाणे. भाच्याने मात्र रात्री स्वतंत्र मेसेज केला: "आत्या, मैलाला किती देतात ते नीट विचारून कळव. आणि पावसाळ्यात जास्त देतात का?"