"आमच्या घरी तर कुणीच आलं नाही!"

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज महिनाभरात तीनदा आला. त्याचं सार असं: 140 कोटींच्या देशात सरकार अडीच लाख घरांना विचारून गरिबी ठरवतं. तुमच्या-आमच्या घरी आजवर कुणी आलेलं नाही, म्हणजे आकडे एसीत बसून बनवलेले. कुणी गेलंच तरी लोक खोटं सांगतात. आणि यूपीआय, जीएसटीच्या काळात हे घरोघर फिरणं हवंच कशाला?

अशाच एका पाहणीसाठी मी दोन हंगाम वस्त्या पालथ्या घातल्या आहेत, त्यामुळे गप्प बसवेना.

"कुणी आलं नाही" याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. घरात कशावर किती खर्च होतो हे विचारून जिच्यावरून गरिबीचा अंदाज बांधतात, त्या सरकारी कुटुंब खर्च पाहणीत 2022-23 मध्ये 2,61,746 घरं होती. 2011 च्या जनगणनेत देशात पावणेपंचवीस कोटींच्या आसपास कुटुंबं मोजली गेली. म्हणजे साडेनऊशे घरांमागे एक, आणि घरं वाढल्यामुळे आता त्याहून कमीच. ही मोठी पाहणी दरवर्षी होतेच असंही नाही. तुमच्या दारात कुणी आलं असतं तर तेच नवल.

राहिला अडीच लाख पुरेसे आहेत का हा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. पातेलं चौघांचं असो की लग्नाच्या पंगतीचं, दाबून बघायला शितं तेवढीच लागतात. अट एवढीच, की ती वरवरची नकोत, तळापर्यंत ढवळून काढलेली हवीत. पाहणीत हे ढवळणं असं होतं: आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं आणि शहरांतले ब्लॉक निवडायचे (त्या वर्षी 8,723 गावं, 6,115 ब्लॉक), मग निवडलेल्या भागातलं घर न् घर नोंदवायचं. गावात जमिनीप्रमाणे आणि शहरात चारचाकी आहे-नाही बघून त्यांचे गट पाडायचे, आणि त्यातून 18 घरं उचलायची. डांबरी रस्त्यालगतचं, चहा देणारं, ओळखीचं घर निवडायची सोय नाही. आमच्या वाट्याला हमखास ओढ्यापलीकडचंच घर यायचं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने 1950 साली सुरू झालेली ही पद्धत देशाला आणि राज्याला पुरते. एकट्या तालुक्याचा आकडा तिच्यातून काढायला गेलात तर तो डळमळेल, पण मेसेज त्याबद्दल बोलतच नाही.

लोक खोटं सांगतात, हा आक्षेप मात्र अर्धा खरा आहे. फक्त तो बोट दाखवतो ते चुकीच्या लोकांकडे. माण तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका मावशींना विचारलं, "महिन्याला तेल किती लागतं?" त्या म्हणाल्या, "लागंल तसं वतते." हे खोटं नव्हे. कुठल्याही घरात हेच उत्तर मिळेल. मग मी बाजाराचा वार विचारला. पुडी कितीची, एका बाजाराला किती, आणि पावणे आले तर? चहापत्तीचे पाच रुपयांचे पुडे त्यांनी फळीवरून काढून माझ्यापुढे मोजले. ज्वारी घरची, ती पायलीत. तिचे किलो करायचे आणि भाव लावायचा. तांदूळ रेशनचा किती, दुकानातला किती, हे वेगळं. 2022-23 मध्ये अशा 405 बाबी होत्या. एका प्रश्नाला थाप मारता येते, चारशे प्रश्नांना मारलेल्या थापांचा एकमेकींशी मेळ घालणं भल्याभल्यांना जमत नाही.

विसरण्याचा दोष खोटेपणापेक्षा मोठा आहे, आणि त्याने एकदा खरंच घोळ घातला. 1999-2000 च्या खर्च पाहणीत त्याच घरांना जेवणखाणाचा खर्च 30 दिवसांचाही विचारला आणि 7 दिवसांचाही. एका उत्तराचा रंग दुसऱ्याला लागला, आणि गरिबी घटली ती खरी किती अन् प्रश्न विचारण्याच्या रीतीमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत राहिले.

आणि लपवतं कोण? वस्तीवर मला कुणी दार लावून घेतलं नाही. अडवलं ते सोसायट्यांच्या गेटवर. "सेक्रेटरींची परवानगी आणा." तेव्हा आकड्यात कमी पडतो तो बहुधा वरच्यांचा खर्च. मेसेज पुढे ढकलणारे आपण सगळे गेटच्या आतले.

यूपीआय-जीएसटीचं थोडक्यात. सुटी भाजी आणि सुटं धान्य यांवर जीएसटी नाही. मावशींच्या घरच्या ज्वारीचं बिल होत नाही. दुकानातून किती साबण खपला हे जीएसटी सांगेल, तो कुणाच्या न्हाणीत गेला हे सांगणार नाही. गरिबीचा प्रश्न नेमका त्या न्हाणीचा आहे. पुण्यात अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये गावातली सुमारे 40 टक्के आणि शहरातली सुमारे 50 टक्के माणसं पुरेशा अन्नाला मुकतात असं दाखवलं, ते याच घरोघरच्या नोंदींवरून.

शेवटचा आरोप, आकडे एसीत बनवल्याचा. बनवायचेच असते तर गोड बनवले असते. 2017-18 च्या खर्च पाहणीचा अहवाल सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये दर्जाचं कारण देऊन प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. त्याच 2017-18 सालच्या रोजगार पाहणीत बेकारी 6.1 टक्के निघाली. तो अहवाल अडकून पडला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी 2019 मध्ये राजीनामे दिले, आणि अहवाल बाहेर आला तो निवडणूक संपल्यावर, मे महिन्यात. वस्तीवरून आलेला कडू आकडा कपाटात ठेवला जातो, ही तक्रार रास्त आहे. 2021 ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही आणि 2022-23 मध्येही नमुना निवडायला 2011 चीच लोकसंख्या हाताशी होती, ही त्याहून रास्त. त्यावर कुणी मेसेज लिहिला तर मला पाठवा, मी स्वतः पुढे ढकलेन.